कौन्सिलची तात्पुरती जागा: घ्यावी, नाकारावी, की घेऊन रिव्ह्यू मागावा?

इंग्लंडमध्ये बेघर म्हणून कौन्सिलकडे अर्ज केला की जागेची ऑफर अनेकदा फोनवरच येते, तीही दुपार टळल्यावर, आणि उत्तर त्याच दिवशी हवं असतं. जागा आधी बघायला मिळेलच असं नाही. पत्ता मिळतो आणि चावी किती वाजेपर्यंत घ्यायची ते कळतं. अशा घाईत माणूस खोली केवढी, स्टेशन किती लांब, मुलांच्या शाळेचं काय, याच विचारात पडतो. पण नाकारल्याची किंमत ठरते ती ऑफर कायद्याच्या कुठल्या कलमाखाली आली आहे त्यावर. एका कलमाखाली नाही म्हटलं तर डोक्यावरचं आत्ताचं छप्पर जातं. दुसऱ्याखाली नाही म्हटलं तर कौन्सिलची तुमच्याबद्दलची मुख्य जबाबदारीच संपते.

(पुढचं सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे.)

पत्रात १८८ आहे की १९३?

हाउसिंग ॲक्ट १९९६ चा सातवा भाग बेघरांविषयी आहे. तुम्ही बेघर असू शकता, मदतीला पात्र असू शकता आणि प्राधान्य गटात (घरात मूल आहे, कुणी गरोदर आहे, गंभीर आजार आहे वगैरे) बसू शकता, एवढं वाटण्यासारखं काही दिसलं की कौन्सिलला लगेच जागा द्यावी लागते. ही कलम १८८ ची 'इंटरिम' जागा. चौकशी पूर्ण झालेली नसते. बेघरपण दूर करायला मदत करण्याचा ५६ दिवसांचा टप्पाही सहसा याच काळात चालू असतो.

तो संपल्यावर कौन्सिलने लेखी मान्य केलं की तुम्ही पात्र आहात, प्राधान्य गटात आहात आणि मुद्दाम बेघर झालेले नाही, तर कलम १९३ ची मुख्य जबाबदारी (कायमची सोय होईपर्यंत जागा देण्याची) सुरू होते. गंमत अशी की जागा बहुतेकदा तीच राहते, फक्त पत्र बदलतं. लोक ते पत्र न वाचता ड्रॉवरमध्ये टाकतात आणि रिव्ह्यू (कौन्सिलकडूनच निर्णयाची फेरतपासणी) मागायची मुदत तिथेच निघून जाते.

तिसऱ्या प्रकारचं पत्रही ओळखता आलं पाहिजे: 'फायनल ऑफर'. ती तात्पुरती जागा नव्हे. कौन्सिलचं किंवा हाउसिंग असोसिएशनचं कायमचं घर, नाहीतर खाजगी भाड्याचं घर देऊन कौन्सिल फाइल बंद करायला निघालेली असते. पत्रात 'फायनल' शब्द असेल तर त्याच दिवशी सल्ला घ्या.

पत्रच नसेल तर अधिकाऱ्याला ईमेलवर एकच प्रश्न विचारा: ही ऑफर कुठल्या कलमाखाली आहे? उत्तर लेखी मागा.

नकार: दोन्ही टप्प्यांवर काय होतं

१८८ खाली नाकारलं तर कौन्सिलवर दुसरी इंटरिम जागा देण्याची सक्ती राहत नाही. तुमच्या अर्जाची चौकशी मात्र चालू राहते, आणि पुढे १९३ ची जबाबदारी मान्य होऊ शकते. म्हणजे नुकसान मधल्या काळाचं. पण हा मधला काळ काही महिन्यांचाही असू शकतो.

१९३ खाली नाकारलं आणि कौन्सिलच्या मते जागा योग्य होती, तर मुख्य जबाबदारीच संपते. त्यासाठी कौन्सिलने आधी दोन गोष्टी सांगितलेल्या असाव्या लागतात: नाकारल्याचे वा स्वीकारल्याचे परिणाम, आणि जागेच्या योग्यतेचा रिव्ह्यू मागण्याचा तुमचा हक्क. या सूचना दिल्याच नसतील तर तो रिव्ह्यूमधला भक्कम मुद्दा होतो. पण तो तुम्ही रस्त्यावर असताना लढावा लागतो, कारण रिव्ह्यू चालू असताना जागा द्यायची की नाही हे कौन्सिलच्या मर्जीवर असतं.

नकार जिंकलेलं एक मोठं प्रकरण आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलने पाच मुलांच्या आईला मिल्टन कीन्सजवळ ब्लेचलीत घर देऊ केलं. तिने ते नाकारलं आणि कौन्सिलने जबाबदारी संपल्याचं कळवलं. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल तिच्या बाजूने दिला: जवळपास जागा का देता आली नाही, कुठे कुठे शोधली, हे कौन्सिलला दाखवता आलं नव्हतं. हा निकाल आजही फार उपयोगी आहे, पण युक्तिवाद म्हणून. नाकारायला प्रोत्साहन म्हणून तो वाचू नये. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत न्यावं लागलं, हे ध्यानात असू द्या.

आमच्या मते नकाराचं समर्थन होतं ते दोनतीनच परिस्थितींत. ज्याच्या मारहाणीमुळे घर सोडलं तो त्याच भागात राहतो. व्हीलचेअर दारातून आत जात नाही. किंवा आजारामुळे त्या जागेत एक रात्र काढणंही धोक्याचं आहे. तेव्हाही 'नको' एवढंच म्हणून फोन ठेवू नका. कारण लेखी द्या आणि दुसरी जागा त्याच वाक्यात मागा.

चावी घ्या, रिव्ह्यूही मागा

जागा स्वीकारल्याने तक्रारीचा हक्क जात नाही. मुख्य जबाबदारीखालची जागा घेऊनही तिच्या योग्यतेचा रिव्ह्यू मागता येतो, असं कलम २०२ स्पष्ट सांगतं. मुदत निर्णय कळवल्यापासून २१ दिवस. पहिल्या ईमेलला दोन ओळी पुरतात: 'मी ही जागा स्वीकारत आहे. ती माझ्या कुटुंबासाठी योग्य नाही, म्हणून कलम २०२ खाली रिव्ह्यू मागत आहे; कारणं आणि कागद पाठवत आहे.' कागद गोळा होईपर्यंत थांबू नका, मुदत त्यांच्यासाठी थांबत नाही. कौन्सिलला उत्तरासाठी साधारण आठ आठवडे असतात. उत्तर विरोधात गेलं तर काउंटी कोर्टात अपील, पुन्हा २१ दिवसांत, आणि फक्त कायद्याच्या मुद्द्यावर.

१८८ च्या जागेला हा रिव्ह्यू नाही. तिथे आधी लेखी फेरविचार मागायचा, मग वकिलाकडून नोटीस आणि शेवटी हायकोर्टात ज्युडिशियल रिव्ह्यू (कौन्सिलचा निर्णय कायदेशीर होता का याची कोर्टाकडून तपासणी). ऐकायला अवघड वाटतं, पण वकिलाची नीट लिहिलेली नोटीस गेली की पुष्कळ प्रकरणं कोर्टाच्या दाराशी न जाताच मिटतात. उत्पन्न कमी असेल तर यासाठी लीगल एड (वकिलासाठी सरकारी मदत) मिळते. शेल्टर या बेघरांसाठीच्या संस्थेची मोफत हेल्पलाइन ०८०८ ८०० ४४४४; जवळचं लॉ सेंटर किंवा सिटिझन्स ॲडव्हाइसही मदत करतं.

रिव्ह्यूत काय चालतं? जी गोष्ट कागदावर दाखवता येते ती. शाळेपर्यंतचा प्रवास बसच्या वेळांसह, आणि मूल जीसीएसईच्या वर्षाला असेल तर ते ठळकपणे. शिफ्ट पहाटे सुरू होते आणि त्या वेळी बस नाही, हे मालकाच्या पत्रासह. जीपीचं पत्र, पण 'रुग्णाला दमा आहे' एवढंच नको. 'या खोलीतल्या बुरशीमुळे दमा कसा बळावतो' असं. वृद्ध आईची रोजची काळजी तुम्ही घेत असाल तर तेही, कारण २०१२ च्या सरकारी आदेशाप्रमाणे जागेच्या ठिकाणाचा विचार करताना नोकरी, शिक्षण, उपचार आणि काळजीची जबाबदारी कौन्सिलला बघावीच लागते.

गर्दीचा मुद्दा मोजून मांडा. कायद्याच्या हिशेबात एक खोली दोघांना, दोन खोल्या तिघांना, तीन खोल्या पाचजणांना. एक वर्षाखालचं बाळ मोजत नाहीत, एक वर्षापासून दहा वर्षांखालचं मूल अर्धं धरतात. पण बैठकीची खोलीही झोपायची खोली म्हणून मोजली जाते. इथेच अनेकांचा अंदाज चुकतो. याशिवाय पतीपत्नी सोडून दहा वर्षांच्या वा त्याहून मोठ्या मुलगा-मुलीला एकाच खोलीत झोपावं लागत असेल तर तीही गर्दीच.

जुनं फर्निचर, पार्किंग नसणं, वस्तीचं नाव खराब असणं, यावर रिव्ह्यू क्वचितच जिंकला जातो. सामायिक स्वयंपाकघरात शेजारी मांस शिजवतात हा आपल्याकडच्या शाकाहारी घरांचा नेहमीचा प्रश्न. तेवढ्यावर जागा अयोग्य ठरेल अशी आशा धरू नका. वेगळा फ्रिज आणि स्वतःची शेगडी असलेली जागा मागा, ती मागणी जास्त पुढे जाते.

कसली जागा आहे, त्यावरही ठरतं

बी अँड बी किंवा हॉटेलची खोली सगळ्यांत वाईट, पण तिला कायद्याची मर्यादाही सगळ्यांत कडक. मूल किंवा गरोदर स्त्री असलेल्या कुटुंबाला अशा जागेत फक्त दुसरी काहीच सोय नसेल तेव्हाच ठेवता येतं, आणि जास्तीत जास्त सहा आठवडे. मधे हॉटेल बदललं तरी दिवस एकत्र मोजतात. बेचाळीस दिवस उलटले की त्रेचाळिसाव्या दिवशी लेखी तक्रार, आणि कौन्सिल दाद देत नसेल तर ओम्बड्समनकडे (कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे). म्हणून अशी खोली नाकारण्यापेक्षा घेऊन दिवस मोजणं शहाणपणाचं. खोच एवढीच: कौन्सिलच्या स्वतःच्या मालकीच्या वा संस्थेने चालवलेल्या हॉस्टेलला, बाथरूम सामायिक असलं तरी, ही सहा आठवड्यांची मर्यादा लागू नाही.

रात्रीच्या दराने घेतलेला फ्लॅट हॉटेलपेक्षा बरा, कारण स्वयंपाकघर आपलं. पण तिथून अचानक हलवलं जाण्याची शक्यता अधिक. लीजवर घेतलेला फ्लॅट जास्त टिकतो. १८८ च्या जागेतून कौन्सिल कोर्टाच्या आदेशाशिवायही बाहेर काढू शकते.

नातेवाइकांकडे राहिलं तर?

चौथा पर्याय पुष्कळांना ठाऊक नसतो. मुख्य जबाबदारी मान्य झाल्यावर कौन्सिलच्या संमतीने भावाकडे किंवा मित्राकडे राहून वाट बघता येते. हॉटेलच्या एका खोलीपेक्षा हे कधीकधी खरंच बरं. पण हे 'माझी सोय झाली' असं फोनवर बोलून करू नका. त्या वाक्यावर फाइल बंद झालेली आढळते. सोय तात्पुरती आहे, कधीपर्यंत आहे, आणि जबाबदारी चालू आहे, हे लेखी घ्या. सामान ठेवायला जागा नसेल आणि ते नष्ट होण्याची भीती असेल तर ते सांभाळण्याची जबाबदारीही कौन्सिलवर येऊ शकते; त्यासाठी पैसे मात्र आकारले जातात.

पैसे

तात्पुरती जागा फुकट नसते. तिचं भाडं युनिव्हर्सल क्रेडिटमधून भागत नाही. कौन्सिलकडे हाउसिंग बेनिफिटचा वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो चावी घेतल्याच्या दिवशीच करावा. मागच्या तारखेपासून मिळालं तरी जास्तीत जास्त एका महिन्याचं, तेही सबळ कारण दाखवून. हीटिंग आणि जेवणाचे पैसे बेनिफिटमध्ये बसत नाहीत. नोकरी असेल तर वाटा स्वतः भरावा लागतो. आकडा आधी विचारा, कारण न परवडणारी जागा अयोग्य ठरू शकते. उलट थकबाकीमुळे जागा गेली तर 'मुद्दाम बेघर' हा शिक्का बसू शकतो.

व्हिसावर असाल तर

स्किल्ड वर्कर किंवा स्टुडंट व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी मदतीचा हक्क नाही) लिहिलेलं असतं. स्लाव, हॅरो, हाउन्सलोकडच्या आपल्या अनेक कुटुंबांना हे लागू होतं. अशा अर्जदाराला बेघर म्हणून जागा मिळत नाही, आणि सल्ल्याशिवाय सार्वजनिक मदतीचा अर्ज केल्यास व्हिसा अडचणीत येऊ शकतो. जोडीदाराकडे ब्रिटिश नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना असेल तर अर्ज त्यांच्या नावाने करायचा का, हे इमिग्रेशन सल्लागाराला आधी विचारा. घरात लहान मूल असेल तर चिल्ड्रन ॲक्ट १९८९ च्या कलम १७ खाली सोशल सर्व्हिसेसचं दार उघडं असतं. तो रस्ता हाउसिंग विभागातून जात नाही.

आणि २१ दिवस उलटले म्हणून सगळं संपलं असंही नाही. जागा योग्य ठेवण्याची जबाबदारी कौन्सिलवर रोज असते. नंतर बाळ झालं, आजार वाढला, मुलगी दहा वर्षांची झाली, छतातून पाणी येऊ लागलं, तर नवी परिस्थिती लिहून योग्यतेचा नवा निर्णय मागा. नवा निर्णय आला की रिव्ह्यूसाठी नवे २१ दिवस सुरू होतात.