डिमेन्शिया असलेल्या माणसासाठी आयपॅडचा असिस्टिव्ह ॲक्सेस: काय जमतं, कुठे अडतं

घरात टॅबलेट आला की पहिली चूक ठरलेली. स्मरणशक्तीचे खेळ उतरवायचे आणि आजोबांना समोर बसवायचं. दोन उत्तरं चुकली की आजोबा टॅबलेट बाजूला सारतात आणि घरातले म्हणतात, ‘त्यांना नाही जमत.’ खोट बहुतेक वेळा पडद्यावरच्या गर्दीत असते. ती गर्दी हटवण्याची सोय म्हणजे 2023 साली आयपॅडओएस 17 बरोबर आलेला असिस्टिव्ह ॲक्सेस. मूळ काम तो चोख करतो.

सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात असिस्टिव्ह ॲक्सेस. मांडणी ओळींची किंवा चौकटींची मिळते; चौकटी घ्या, चित्रं मोठी दिसतात. ॲप तीन, फार तर चार. कुठेही गेलं तरी परतीचं मोठं बटण खाली त्याच जागी असतं, आणि या सोयीची खरी किंमत तिथेच आहे: रस्ता चुकला तरी परतायची खूण बदलत नाही. बाहेर पडायला वरचं बटण (जुन्या आयपॅडवर होम बटण) तीनदा दाबून कोड टाकायचा. तो कोड घरातल्या दोघांना तरी माहीत हवा. या अवस्थेत सॉफ्टवेअर अपडेट करता येत नाही, म्हणून महिन्यातून एकदा बाहेर येऊन ते उरकायचं. आयपॅडचा नेहमीचा पासकोड काढून टाका, नाहीतर पहिलंच दार बंद. अर्थात मग त्यात बँकेचं ॲप किंवा ईमेल ठेवायचं नाही, आणि स्क्रीन टाइममधून ॲपमधली खरेदीही बंद करायची.

हे सगळं करायच्या आधी बोटाकडे बघा. हा पडदा दाब मोजत नाही, त्वचेतून होणारा विजेचा सूक्ष्म बदल टिपतो. म्हातारपणी बोटं कोरडी पडतात, स्पर्श नोंदला जात नाही. मग माणूस आणखी जोरात, आणखी वेळ दाबतो. साध्या पडद्यावर त्या लांब दाबाने नको तो मेनू उघडतो. नखाने तर काहीच होत नाही, आणि कडेला टेकलेला अंगठाही स्पर्श म्हणून धरला जातो. उपाय तीन. बोटाला किंचित क्रीम. रुंद कडांचं कव्हर. आणि ॲक्सेसिबिलिटीत टच, त्यात टच ॲकोमोडेशन्स. हात थरथरत असेल तर होल्ड ड्युरेशन (बोट किती वेळ टेकलं की स्पर्श धरायचा) 0.3 सेकंदाच्या आसपास ठेवून बघा. फार वाढवलं तर हलका स्पर्श वाया जातो आणि ‘हे बिघडलंय’ सुरू होतं. एकाच जागी टकटक करायची सवय असेल तर इग्नोर रिपीट. बोट घसरत असेल तर टॅप असिस्टन्समध्ये पहिल्या स्पर्शाची जागा धरायला सांगा.

आता तक्रार. कॉल्सचं ॲप दिसायला देखणं: निवडलेल्या माणसांचे मोठे फोटो, बोट लावलं की कॉल. पण नुसत्या वायफायच्या आयपॅडवर हा कॉल म्हणजे फेसटाइम, ॲपलची स्वतःची कॉलसेवा, आणि आपल्याकडे मुलगा, सून, भाचे बहुतेक अँड्रॉइडवर. फेसटाइमच्या लिंकवरून ते ब्राउझरमधून सामील होऊ शकतात, स्वतःहून कॉल लावू शकत नाहीत. व्हॉट्सॲप आयपॅडवर 2025 मध्ये आलं खरं, पण असिस्टिव्ह ॲक्सेसमध्ये ते आपल्या नेहमीच्याच रूपात उघडतं: चॅटची यादी, बारीक चिन्हं, सगळं तसंच. ते लावून द्यायला शेजारी कुणीतरी लागतंच. संपर्कात नाव मात्र आजोबा ज्या नावाने हाक मारतात तेच लिहा. ‘राजेंद्र’ नको, ‘राजू’.

आजार पुढे गेला की चौकटींमधून निवडणंही जड होतं. तेव्हा गायडेड ॲक्सेस, म्हणजे आयपॅड एकाच ॲपवर अडकवून ठेवायची सोय: ॲप उघडायचं, बटण तीनदा दाबायचं, नको त्या जागेभोवती बोटाने गोल काढायचा, तेवढा भाग मुका होतो. खेळातली तळाची जाहिरातपट्टी याने गप्प होते. पडदाभर येणारी जाहिरात होत नाही. तिच्यासाठी इंटरनेटशिवाय चालणारा खेळ निवडून एरोप्लेन मोड.

आत काय ठेवायचं? स्कॉटलंडमध्ये डंडी आणि सेंट अँड्र्यूज विद्यापीठांनी सर्का नावाची टचस्क्रीन व्यवस्था बनवली होती. तिच्यात घरच्या फोटोंऐवजी सगळ्यांच्या ओळखीची जुनी चित्रं, गाणी आणि चित्रफिती होत्या. घरचा फोटो दाखवला की ‘हा कोण, सांगा बघू?’ येतंच, आणि गप्पांची परीक्षा होते. पितळी बंब, जातं, एसटीचा लाल डबा यांना चुकीचं उत्तर नसतं. असे तीसचाळीस फोटो पुरे. गाणी उतरवून ठेवा. यूट्यूबवर भजनाच्या मध्येच साबणाची जाहिरात वाजते. खेळ ओळखीचाच हवा असंही नाही, फक्त घड्याळ लावलेला नको.

टॅबलेट टेबलावर, तिरक्या स्टँडवर ठेवा. साधारण 480 ग्रॅमचं वजन हातात पेलत राहणं अवघड असतं. मागे खिडकी किंवा डोक्यावर ट्यूबलाइट नको. बंद काळ्या पडद्यात स्वतःचाच चेहरा बघून काही जण घाबरतात, म्हणून काम झालं की पालथा घाला. एका बैठकीला दहापंधरा मिनिटं, तीही सकाळी. संध्याकाळी अस्वस्थता वाढते, तेव्हा नवं काही काढू नये.

अँड्रॉइड टॅबलेट घरात असेल तर आधी त्यातलं ॲप पिनिंग वापरून बघा. ते एकच ॲप पडद्यावर धरून ठेवतं. मात्र सोडवताना पिन विचारायचा पर्याय चालू करा, नाहीतर खालून वर सरकून थबकलेलं बोट ते सहज सोडवतं. गाणी आणि फोटो एवढंच हवं असेल तर त्यात भागतं. आयपॅड नव्याने घ्यायचा तो माणूस अजून स्वतः निवडू शकतो तोवर, आणि घरात निदान दोन आयफोन असतील तर.