मांस-भाज्यांचा मोजका डबा: तीन महिन्यांचा अनुभव

मांस आणि भाज्यांचे प्रमाण ठरवून तयार जेवण घरपोच देणारी एक सेवा मी तीन महिने वापरली. डब्याचा निम्मा भाग भाज्यांचा, पाव भाग बिनचरबीच्या मांसाचा आणि उरलेला धान्याचा, ही मांडणी मला पटली. कारण एक ग्रॅम स्निग्धांशातून ९ कॅलरी मिळतात, तर प्रथिनांतून ४, आणि या ४ कॅलरींतल्याही सुमारे २० ते ३० टक्के कॅलरी ती प्रथिने पचवण्यातच खर्च होतात. भाज्यांतील पाणी व तंतूंमुळे पोट लवकर भरते. दुपारी चारच्या सुमारास काहीतरी तोंडात टाकण्याची माझी जुनी सवय दुसऱ्याच आठवड्यात सुटली.

दुसऱ्या महिन्यात मात्र भाज्या तेलाने चकाकू लागल्या. डबा तिरका केला की कोपऱ्यात चांगले चमचाभर तेल साचत असे, आणि मोठा चमचाभर तेल म्हणजे जवळजवळ १२० कॅलरी. वेष्टनावरच्या आकड्यांत त्याचा मागमूस नव्हता. तक्रारीनंतर आठवड्याभरात सुधारणा झाली, हे मान्य करायला हवे.

सोबतच्या पत्रकातील ‘मांसाने चरबी वाढतच नाही’ हा दावा निखालस चुकीचा आहे, कारण गरजेपेक्षा जास्त कॅलरी कशातूनही आल्या तरी शरीर त्या साठवते. भेट मिळालेला चरबीमापक काटाही फारसा भरवशाचा नाही. शरीरातील पाणी कमी-जास्त झाले की त्याची टक्केवारी बदलते. मी साध्या टेपवर विसंबलो: कंबर चार सेंटिमीटरने उतरली. बिनतेलाच्या डब्यांसाठी ही सेवा मी पुढेही चालू ठेवली आहे.