‘३० मिनिटात फुल चार्ज’ वाला चार्जर घेतला असेल तर आधी हे वाचा

मुलाच्या रिमोटवाल्या गाडीला सेल पुरत नव्हते म्हणून मी ऑनलाइन एक चार्जर मागवला. सोबत चार पेन्सिल सेल (AA साइझचे), बॉक्सवर मोठ्या अक्षरात ‘३० मिनिटात फुल चार्ज’ आणि सेलवर ३८०० एमएएच, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचा आकडा. आमचे जुने रिचार्जेबल सेल २००० चे, ते साध्या चार्जरमध्ये रात्रभर लावून ठेवावे लागायचे, त्यामुळे हे वाचून मी भुलले. रिव्ह्यू पण सगळे चांगलेच होते.

पहिल्या दिवशी खरंच अर्ध्या तासात हिरवा दिवा लागला, पण गाडी थोडाच वेळ पळाली, जुने सेल याच्यापेक्षा जास्त चालायचे. विक्रेत्याला मेसेज केला तर म्हणे नवीन सेल आहेत, दोन-चार वेळा चार्ज केले की सुधारतील, आणि ‘फास्ट चार्जिंगमध्ये सेल गरम होणं नॉर्मल आहे मॅडम’. मग नीट भरावेत म्हणून मी हिरवा दिवा लागल्यावरही सेल तसेच ठेवायला लागले. चौथ्या दिवशी दोन तासांनी खोलीत गेले तर जळक्या प्लास्टिकचा वास, एका सेलमधून सुस्स आवाज येतोय आणि दुसऱ्याचं कव्हर आकसून सुरकुतलंय. घाबरून हातानेच सेल काढायला गेले, बोटं भाजली आणि वर आतलं पाणी हाताला लागलं. आधी साबणासारखं बुळबुळीत लागतं, मग आग व्हायला लागते. ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, लागलं तर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ हात धरा, आणि डोळ्यात उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवायला घ्या आणि डॉक्टर गाठा. मुलगा तेव्हा शेजारच्याच खोलीत होता, आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

ओळखीतला एक जण इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरिंग करतो, त्याने चार्जर उघडून दाखवला. आत तापमान बघणारा सेन्सर नाही, सेल भरला की करंट तोडणारं काहीच नाही. हिरवा दिवा नुसता टायमरवर, सेल भरलेला असो नसो अर्ध्या तासाने लागणारच, आणि मागे करंट चालूच, मीटरवर प्रत्येक सेलला जवळजवळ १ अँपिअर! मग त्याने सेल वजनकाट्यावर ठेवले. माझा जुना २००० चा सेल २८ ग्रॅम, हा ३८०० वाला १७ ग्रॅम. न फुटलेल्या एका सेलची कपॅसिटी मोजली तर ७०० च्या आसपास आली. मुळात या साइझच्या निकेल मेटल हायड्राइड सेलमध्ये (हे रिचार्जेबल सेल त्याच प्रकारचे) २७००-२८०० च्या पुढे कुणी जात नाही, ३८०० हा आकडाच खोटा. आणि खरंच ३८०० चा सेल अर्ध्या तासात भरायचा म्हटलं तर साडेसात अँपिअरच्या वर करंट लागेल, हे साधं गणित मी तेव्हा केलं नाही.

म्हणजे माझा ७०० चा सेल तासाभराच्या आतच भरत होता आणि त्यानंतर जाणारा सगळा करंट उष्णतेत जात होता. भरलेल्या सेलमध्ये ऑक्सिजन तयार होतो, तो आतल्या आत जिरवायला वेळ मिळाला नाही की प्रेशर वाढतं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, तोच तो सुस्स आवाज.

फास्ट चार्जिंग सरसकट वाईट असं मी म्हणत नाहीये. चांगला चार्जर २००० चा सेल दोनेक तासात भरतो, पण सेल भरला की त्याचं व्होल्टेज काही मिलिव्होल्टने खाली येतं ते तो पकडतो, तापमानावर लक्ष ठेवतो आणि प्रत्येक सेल वेगवेगळा बघतो. हे तीन मुद्दे लिहिलेले नसतील तर घेऊच नका. शेवटी शेवटी सेल थोडा गरम लागतो ते चालतं, पण हातात धरवत नसेल तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, सेलला हात नंतर.

पैसे परत मागितले तर विक्रेत्याने आधी फोटो मागवले, मग व्हिडिओ, मग म्हणाला रिटर्नची मुदत संपली. त्याची जाहिरात अजून चालू आहे, तोच फोटो, फक्त सेलवर आता ४२०० लिहिलंय. कुणी मागवले असतील तर आजच काट्यावर ठेवून बघा, पेन्सिल सेल २५ ग्रॅमच्या खाली भरला तर त्या चार्जरमध्ये परत लावू नका प्लीज.