डायनासोर फ्लॅशकार्ड + रबरी टी. रेक्स सेट : खेळणं मस्त, कार्डावरचं मराठी भयंकर (३ स्टार)

भाच्याच्या सहाव्या वाढदिवसाला ऑनलाइन मागवला होता, 449 रुपयांना. 24 कार्डं आणि एक वीतभर रबरी टी. रेक्स, पोटावर बटण, दाबलं की डरकाळी. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण कार्डं सोडली तर सेट खरंच वाईट नाहीये.

आधी चांगलं सांगते. रबर मऊ आहे, वास येत नाही, बॅटरीच्या झाकणाला स्क्रू आहे त्यामुळे पोरं उघडत नाहीत. हाताला बोटंही बरोबर दोनच दिलीत, नाहीतर बाजारातल्या निम्म्या टी. रेक्सना तीन असतात. फक्त तो शेपटी टेकून कांगारूसारखा उभा राहतो, कारण नुसत्या दोन पायांवर रबर तोल सांभाळत नाही. खरा प्राणी पाठ आडवी आणि शेपटी हवेत ठेवून चालायचा. पण याबद्दल मी ओरडणार नाही, न्यूयॉर्कच्या म्युझियमनेही 1915 मध्ये सांगाडा असाच शेपटी टेकवून उभा केला होता आणि तो 1990 च्या दशकात जाऊन आडवा केला.

आता कार्ड नंबर 7, म्हणजे टी. रेक्सचं (पूर्ण नाव टायरॅनोसॉरस रेक्स). पुढे चित्र आणि मागे मराठीत छापलंय, "अत्याचारी सरडा राजा. हा एक मोठा सरडा होता. नाव 1902 मध्ये दिले." तीन वाक्यं आणि घोळच घोळ. नावाचा अर्थ साधारण बरोबर आहे, ग्रीकमध्ये टायरॅनोस म्हणजे जुलमी सत्ताधारी, सॉरस म्हणजे सरडा आणि रेक्स हा लॅटिन शब्द, म्हणजे राजा. (भाच्याने सॉरस-सरडा लगेच जोडून टाकलं, लक्षात ठेवायला बरं.) पण नावात सरडा आहे म्हणून प्राणी सरडा होत नाही ना! तो सरड्यापेक्षा आपल्या कोंबडीच्या जास्त जवळचा. आणि 1902 मध्ये अमेरिकेत माँटानात जीवाश्म शोधणाऱ्या बार्नम ब्राउनला हाडं सापडली, नाव दिलं शास्त्रज्ञ हेन्री ऑस्बॉर्नने 1905 मध्ये एका लेखात. त्याच लेखात ऑस्बॉर्नने दुसऱ्या सांगाड्याला डायनामोसॉरस असं नाव दिलं होतं, पुढच्याच वर्षी कळलं की प्राणी एकच आहे, मग जे नाव आधीच्या पानावर होतं ते राहिलं. एक पान मागेपुढे झालं असतं तर आज पोरं "डायनामो डायनामो" करत घरभर फिरली असती.

भाच्याने विचारलं, "मावशी, रेक्स हे त्याचं आडनाव का गं?" आणि मला एकदम शाळेतली हजेरी आठवली. मी म्हटलं, उलटं आहे रे, सरकारी फॉर्मवर कसं आडनाव आधी लिहितात तसं. टायरॅनोसॉरस हे आडनाव आणि रेक्स त्याचं स्वतःचं नाव. म्हणून आडनावाचं आद्याक्षर, मग टिंब, मग नाव : टी. रेक्स. कार्डावर मात्र टिंबाच्या जागी आडवी रेघ मारून "टी-रेक्स" केलंय. बोलताना कोणी काही म्हणा हो, पण मुलांना शिकवायला म्हणून विकताय तर टिंब एवढं जड होतं का?

बाकी कार्डं मी दोन-तीन वाचली आणि सोडून दिली, सगळीकडे हाच प्रकार, मशीनने भाषांतर करून कोणी न वाचता छापलंय.

खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आला. 24 कार्डांत एकही आपल्याकडचा डायनासोर नाही! गुजरातेत रहिओलीला सापडलेला राजासॉरस नर्मदेन्सिस, 2003 मध्ये नाव ठेवलं, राजा हा सरळ आपला शब्द आणि नर्मदेन्सिस हे नर्मदेवरून. तोही मांस खाणाराच, टी. रेक्सपेक्षा लहान, कपाळावर शिंगासारखा उंचवटा. याचा अर्थ सांगायला ग्रीक-लॅटिनची निम्मी मेहनत पुरते आणि मराठी मुलांसाठीच्या सेटमध्ये नेमका तोच गायब.

कस्टमर केअरला मेल केला, उत्तर आलं की "प्रॉडक्ट डॅमेज असल्यास फोटो पाठवा". फोटो कसला पाठवू, व्याकरणाचा?

किमतीच्या मानाने रबरी प्राण्यासाठी घ्या, पोरगं खूश होईल, पण कार्डं हातात देण्याआधी एकदा स्वतः वाचा. आम्ही 7 नंबरवर पेनाने टिंब दिलंय आणि सरड्याच्या वाक्यावर काट मारलीये. राजासॉरसचं कार्ड घरीच बनवलं, जुनी लग्नपत्रिका कापून, शिंग भाच्याने काढलंय त्यामुळे ते बरंचसं गेंड्यासारखं दिसतं. आता सेटमध्ये 25 कार्डं आहेत, फक्त पंचविसावं उलटं केलं की मागे "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" असं येतं.