केजी, बालवाडी की अंगणवाडी? बडोद्यातल्या मराठी आईबाबांसाठी

आधी वयाचा हिशेब करा, निम्मी घाई तिथेच संपते. गुजरातमध्ये 2023-24 पासून 1 जूनला 6 वर्षं पूर्ण असल्याशिवाय पहिलीत प्रवेश मिळत नाही, आणि 3 वर्षं पूर्ण होण्याआधी बालवर्गात घेता येत नाही. म्हणजे ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल पहिलीत बसतं तेव्हा जवळजवळ पावणेसात वर्षांचं असतं. तिसऱ्या वर्षी हातात पेन्सिल दिली नाही तर मागे पडेल, ही भीती मनातून काढून टाका.

मी पहिलीला शिकवते. दांडिया बाजारातल्या जुन्या घरांतली, वाघोडिया रोडवरच्या फ्लॅटमधली, सगळीकडची मुलं माझ्याकडे येतात. त्यांच्याकडे बघून जे वाटतं, तेच लिहिते आहे.

इंग्रजी माध्यमाची केजी बहुतेक घरांना हवी असते, आणि त्याला सबळ कारण आहे. मोठ्या शाळांत बहुतेक जागा नर्सरीलाच भरतात. एकदा आत गेलं की दहावीपर्यंत चिंता नाही. व्हॅन दाराशी येते, इंग्रजी कानावर पडतं. माझी तक्रार आहे ती वह्यांबद्दल. मनगटात 8 छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेचीच, म्हणजे मऊच असतात आणि एकेक करत पुढे कित्येक वर्षं घट्ट होत जातात. साडेतीन वर्षांच्या हाताकडून पानभर ओळी गिरवून घेतल्या की मूल पेन्सिल मुठीत आवळून धरतं. ती सवय माझ्या वर्गापर्यंत येते आणि मोडायला महिने जातात. अशी मुलं शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणतात, पण समोर मूठभर चिंचोके ठेवून “यातले 7 दे” म्हटलं की ओंजळभर उचलून देतात. म्हणणं आलेलं असतं, मोजणं आलेलं नसतं.

खेळातून शिकवणाऱ्या बालवाडीत हे उलट घडतं. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचं काम करत होत्या. तिथलं बालमंदिर 1920 सालचं. मराठी आणि गुजराती माणसांनी मिळून रुजवलेली ही परंपरा आहे. आपल्या सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेनेही चेतन बालवाडी चालवली, बालविकास शिकणाऱ्या विद्यार्थिनींना मुलांमध्ये राहून शिकता यावं म्हणून.

चांगल्या बालवाडीत काय दिसतं? एक मुलगी छोट्या तांब्यातून पेल्यात पाणी ओतते. पाणी सांडतं. बाई धावत जात नाहीत. ती स्वतः फडकं आणते, पुसते, फडकं पिळते आणि पुन्हा ओतते. त्या पिळण्यात लिहिणाऱ्या बोटांची ताकद आहे, सांडल्यावर न रडण्यात पहिलीच्या वर्गात टिकण्याची. अडचण एवढीच की पाचव्या-सहाव्या वर्षी शाळा बदलावी लागते, आणि ‘प्ले स्कूल’ अशी पाटी लावून आत वह्याच भरून घेणारेही पुष्कळ आहेत.

अंगणवाडीचं नाव काढलं की आपल्याकडे नाकं मुरडली जातात. मला ते पटत नाही. फी नाही, खाऊ मिळतो, वजन-उंची मापली जाते, आणि तेडागर बहेन, म्हणजे तिथली मदतनीस, मुलांना घरून घेऊन येते. 5 वर्षं पूर्ण झाली की सरकारी प्राथमिक शाळेतली बालवाटिका, म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग, आहे. भाषा गुजराती, पण ती आठवीपर्यंत सगळ्याच शाळांत शिकायची आहे. सगळं अंगणवाडी चालवणाऱ्या बहेनवर अवलंबून असतं. काही जणी इतक्या मनापासून गोष्ट सांगतात की मुलं हलत नाहीत, काही ठिकाणी मात्र मुलं नुसती बसून असतात.

माझं मत विचाराल तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी घराजवळची खेळाची बालवाडी, आणि पाचव्या वर्षी मनातल्या शाळेत बालवाटिका किंवा सिनिअर केजी. त्या शाळेत नंतर जागा मिळतच नसेल, किंवा आईबाबा दोघं नोकरीला आणि घरी आजी-आजोबा नाहीत, तर केजी घ्या. फक्त शिक्षकांना स्पष्ट सांगा की घरी लिखाण करून घेणार नाही. फी ओढून-ताणून भरावी लागणार असेल तर चांगली अंगणवाडी निवडा, तिच्यात कमीपणा काही नाही.

काहीही निवडलंत तरी घरचं मराठी सोडू नका. शाळेत इंग्रजी म्हणून घरीही मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारे आईबाबा बघितले की मला वाईट वाटतं. मूल तीन भाषा सहज पेलतं. पण गोष्ट ऐकणं, मध्येच “मग काय झालं?” विचारणं, यमक जुळवत खिदळणं हे ज्या भाषेत घर मोकळेपणी बोलतं तिच्यातच होतं. पुढचं वाचन त्यावरच उभं राहतं.

जूनमध्ये मूल आलं की मी अक्षरं विचारत नाही. शू लागली तर सांगतं का, डबा स्वतः उघडून खातं का, “दप्तर ठेव आणि चटईवर बस” एवढं ऐकून करतं का, आई गेल्यावर थोड्या वेळाने सावरतं का, हे बघते. यातलं बरंचसं घरीच होतं: मटार सोलताना, कणकेचा गोळा मळताना, सदऱ्याची बटणं स्वतः लावताना, मग भले पाच मिनिटं उशीर होवो.

शाळा बघायला जाल तेव्हा ऑफिसात माहितीपत्रक घेऊन परतू नका. अर्धा तास वर्गाच्या दाराशी उभं राहू देता का, विचारा. भिंतीवरची चित्रं सगळी एकसारखी रंगवलेली आहेत का ते बघा. बाई मुलांशी बोलताना खाली बसतात का, आणि रडणाऱ्या मुलाजवळ कोण जातं, तेही बघा.