तिकीट ३५० रुपये, आणि बाबा हसले

नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या एका कॅफेत शनिवारी स्टँड-अपचा प्रयोग बघितला. बाबांना ओढून नेलं होतं. ते पंचवटीतून निघतानाच कुरकुरत होते, "हसायला पैसे कशाला?"

कलाकार आधी रेडिओवर निवेदक, मग टीव्हीवरच्या स्किटमध्ये, आता एकटा माइकसमोर. हा प्रवास त्याच्या बोलण्यात कळतो. रेडिओवर चेहरा दिसत नाही, म्हणून आवाजात माणसं उभी करायची सवय. सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकापाशी, भाव करणारी काकू, तिची सून आणि वैतागलेला दुकानदार, तिघं त्याने जागचं न हलता उभे केले! टीव्हीची खोड मात्र गेलेली नाही. प्रत्येक पंचनंतर थांबतो, जणू मागून कुणी रेकॉर्ड केलेलं हसू लावणार आहे. दुसऱ्या अर्ध्या तासात ते टोचलं.

बाबा म्हणाले, "पु. ल. आकाशवाणीत होते, दूरदर्शनच्या सुरुवातीलाही होते, पण एकपात्रीत प्रेक्षकाचा श्वास ऐकायचे." तुलना अन्यायाची आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी गोदाकाठच्या पार्किंगवरच्या किश्शाला त्यांनी डोळे पुसले.

खुर्च्या लोखंडी, एसी बंद, साउंड शिट्टी मारत होता. शंभर मिनिटांचा म्हणून सांगितलेला प्रयोग सत्तरीतच आटोपला. तरीही चार तारे. पाचवा तारा पापडासकट मिसळ खाऊ घातली असती तर दिला असता, असं बाबांचं म्हणणं.