कोरियन शिंगाचं धनुष्य: दहा महिने, एक पावसाळा, एक दुरुस्ती

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात धनुष्य पेटीतून काढलं, तर मुठीच्या वर, भूर्जाच्या सालीखाली, बोटभर फुगवटा. दाबून पाहिला, आत पोकळ. पाठीवरचा बैलाच्या स्नायुबंधाचा थर आतल्या बांबूपासून सुटला होता. आठ लाख वॉन मोजलेली वस्तू, वापर पाच महिने. त्या रात्री हा अभिप्राय लिहायला बसलो असतो तर पाचातला एक ताराही जिवावर आला असता.

रचना अशी: मध्ये बांबू, आतल्या म्हणजे आपल्याकडच्या बाजूला शिंग, पाठीवर स्नायुबंधाचे तंतू, आणि हे सगळं माशाच्या सरसाने चिकटवलेलं. मी कोरियात सुवॉनला राहतो, सहा वर्षं १४५ मीटरवरच्या लक्ष्यावर बाण मारतोय. पाचव्या डॅनपासून (डॅन म्हणजे तिरंदाजाची श्रेणी) परीक्षेला गाकगुंग, म्हणजे हे शिंगाचं धनुष्य, आणि बांबूचेच बाण लागतात, त्या हावेपायी हे घेतलं. आधीचं कार्बनचं धनुष्य गाडीच्या डिकीत पडून असायचं, कधी कुरकुर नाही. हे म्हणजे घरात आलेला जावई. दोरी उतरवली की दोन्ही टोकं उलटी वळून एकमेकांना भेटायला येतात. चढवताना आधी शेकायचं, गुडघ्याने दाबायचं, दोन्ही बाजू सारख्या वाकल्यात ना हे पुन्हा पुन्हा बघायचं. जरा चुकलं की हातातल्या हातात उलटतं. माझं दोनदा उलटलं.

तेही चालवून घेतलं. माझं खरं भांडण पेटीशी आहे. माशाचा सरस दमट हवेत ढिला पडतो, म्हणून धनुष्य तीस अंशांच्या आसपास कोरडं ठेवायचं. त्यासाठी बाल्कनीत गरम पेटी, बाराही महिने चालू. इथे घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महागते, वरच्या टप्प्यात गेलात की बिल बघवत नाही. बायको म्हणाली, "अहो, धनुष्याला हीटर आणि आम्हाला पंखा?" मुद्दा बरोबर होता. जूनपासून मी पेटी रात्रीची बंद ठेवू लागलो.

हो, तुमच्या लक्षात आलं. माझ्या आलं नाही. उलट मी धनुष्य बनवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराला फोन करून भरपाई मागितली. आजोबा म्हणाले, "नोव्हेंबरात आणा." चार महिने काय करू? "कार्बन वापरा." मला ही टोलवाटोलवी वाटली. म्हटलं, मग इपॉक्सी, म्हणजे रासायनिक गोंद, लावून आत्ता द्या. फोन कट.

नोव्हेंबरात गेलो तेव्हा उलगडा झाला. चिकटवायचं काम ही मंडळी थंडीतच करतात, जुलैच्या हवेत सरस वाळतच नाही. बैलाचा वाळलेला स्नायुबंध त्यांनी हातोडीने ठेचला, आडवा-उभा ओढून त्याचा वाख केला, तो फणीने विंचरला. मग एकेक जुडी कोमट सरसात बुडवून, बोटांनी निथळून, सुटलेल्या जागी अंथरली. वास ओल्या चामड्यासारखा, कपड्यांना दोन दिवस. सरस मिनओ माशाच्या पोटातल्या फुग्याचा. मी सातपाटीचा, घोळ माशाचं बोत, म्हणजे हाच फुगा, केवढ्याला जातं हे लहानपणापासून ऐकत आलो. मिनओ त्याच कुळातला मासा, आणि इथे त्याच्या बोताने धनुष्य चिकटवतात! आईला फोनवर सांगितलं, तिला काही हे पटलं नाही.

जुना सरस ऊब आणि ओल लागताच सुटत गेला, खालचा बांबू धड निघाला. इपॉक्सी असती तर तासून काढावी लागली असती, सोबत बांबूही. ज्या सरसाला मी चार महिने शिव्या घातल्या, त्याच्यामुळेच धनुष्य वाचलं. पैसेही त्यांनी फक्त सामानाचे घेतले, त्याने मात्र जास्तच ओशाळलो.

आणि फेक? ओढताना धनुष्याच्या पाठीवरचा ताण स्नायुबंध सोसतो, आतला दाब शिंग. बाण सुटल्यावर डाव्या हाताला धक्का जवळजवळ नाहीच. कार्बनवर पंचेचाळीस बाणांनंतर कोपर ठणकायचं, इथे नाही. पन्नाशीत या एका गोष्टीसाठी मी बरंच काही माफ करतो.

पेटी सोडून. दुसरा थर्मोस्टॅट घेतलाय, आत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र टांगलंय. येत्या जूनपासून पेटी चोवीस तास चालू आणि एसी रात्री दहानंतर बंद, असं ठरवलंय. घरी अजून सांगितलेलं नाही.